मला काहीच कळलं नव्हतं!

माझा पन्नासावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. दुपारी पावणेतीनला मी ओट्याशी भेंडी पुसत होते, तेवढ्यात फोनवर बँकेचा मेसेज आला : खात्यातून ३७,५०० रुपये वजा. खाली दुकानाचं नाव होतं, आणि ते दुकान वाद्यांचं होतं. आमचं खातं दोघांच्या नावावर आहे आणि त्याला जोडलेला नंबर माझा आहे, हे तीस वर्षं बँकेत काढलेल्या माझ्या नवऱ्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

भेंडी तशीच ठेवून मी रडले.

लहानपणी मी पेटी वाजवायचे. मध्यमापर्यंतच्या परीक्षा झाल्या होत्या. मग आम्ही चाळीतली जागा सोडली, नव्या जागेत पेटीला जागा नव्हती, आणि बाबांनी ती विकली. नवऱ्याला हे मी एकदाच सांगितलं होतं. कुणाच्या तरी लग्नात गाण्याचा कार्यक्रम होता, साथीला पेटी होती, आणि जेवणाच्या रांगेत उभं असताना बोलता बोलता निघालं. त्यालाही सहा-सात वर्षं झाली असतील. तेव्हा तो ताटात कोशिंबीर घेत होता. ऐकत होता की नाही, हेही मला कळलं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला. ‘काय विशेष?’ म्हणाला. ‘काही नाही,’ मी म्हणाले.

पुढचे चार दिवस घरात दोन नाटकं चालू होती. एक त्यांचं, एक माझं. मुलगी फोन घेऊन गॅलरीत जायची आणि मी त्याच वेळी मुद्दाम कुकर लावायचे. पेटी शेजारच्यांकडे लपवली असावी, कारण शेजारीण जिन्यात मला बघून घाईनं कुलूप उघडायला लागली. रात्री सगळे झोपल्यावर मी जेवणाच्या टेबलाच्या कडेवर बोटं फिरवून पाहिली. मधली तीस-पस्तीस वर्षं गेली होती, पण बोटांना भूपाची वाट सापडत होती.

वाढदिवसाच्या संध्याकाळी मला भाजीला पिटाळण्यात आलं. परत आले तर दिवे बंद, मग एकदम चालू, आरडाओरडा, आणि पाटावर पेटी. मी तोंडावर हात घेतला आणि म्हणाले, ‘अगं बाई! मला काहीच कळलं नव्हतं!’ आणि पुन्हा रडले. दोन्ही वेळचं रडणं खरं होतं.

पेपर फुटतो तसं सरप्राइज फुटतं, पण माझा आनंद त्यानं कमी झाला नव्हता. उलट तो चार दिवस लांबला होता. हे माझं एकटीचं आहे की सगळ्यांचंच, या कुतूहलानं मी ओळखीपाळखीत विचारत सुटले : ‘तुमच्या वाढदिवसाचं सरप्राइज तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?’ बहुतेकांनी आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग आवाज खाली आणला.

* * *

‘सरप्राइज’ला मराठीत सुटसुटीत शब्द नाही. ‘आश्चर्याचा सुखद धक्का’ असा तीन शब्दांचा वळसा आपण घालतो, तोही भाषणात. शब्द नाही, कारण रीतच नव्हती. देण्याघेण्याचे शब्द मात्र आपल्याकडे भरपूर : आहेर, ओवाळणी, बोळवण, वाण, खाऊ. प्रत्येकाचा प्रसंग ठरलेला, देणारा ठरलेला आणि बऱ्याचदा मोलही ठरलेलं. लग्नातल्या आहेराची वही घरोघर असायची. कुणी काय दिलं ते त्यात लिहायचं, आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडून तोलानं परत करायचं. दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो तबकात काहीतरी घालतो. काय घालणार यावर वाद होतील, घालणार की नाही यावर नाही. म्हणजे जोडीदारानं जोडीदाराला द्यायची भेट आपल्याकडे चांगली जुनी आहे. फक्त ती कॅलेंडरात छापलेली असते.

वाढदिवसही तसाच साधा होता. तिथीनं असायचा. सकाळी तेल लावून आंघोळ, पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. सुपारी-अंगठी उतरवायची, मग निरांजनानं ओवाळायचं. काही घरांत डोक्यावर कापूस ठेवतात, केस कापसासारखे पांढरे होईपर्यंत जग म्हणून. जेवायला शेवयाची खीर नाहीतर शिरा. यात कुणी कुणाला चकवायचं नसे. उलट ज्याचा वाढदिवस त्यानंच आदल्या दिवशी दूधवाल्याला एक लिटर जास्त सांगायचं.

आणि हे झालं ज्यांचा वाढदिवस माहीत होता त्यांचं. महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. जूनमध्ये शाळा भरायची, पोराला मास्तरांसमोर उभं करायचे, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. मास्तर पोराच्या उंचीकडे बघून वर्ष ठरवायचे आणि पुढे १ जून लिहायचे. याचा एक परिणाम सरकारी कचेऱ्यांत आजही दिसतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी हारतुऱ्यांचा आणि निरोप समारंभांचा ढीग पडतो.

माझ्या सासूबाई त्यातल्याच. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. कागदावर जन्म १ जून १९४१, म्हणून ३१ मे १९९९ ला निवृत्त. त्यांची आई मात्र सांगायची, की गांधीजींना पकडल्याची बातमी गावात आली त्या आठवड्यात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी ही झाली. म्हणजे ऑगस्ट १९४२. ‘सव्वा वर्षाचा पगार मास्तरांनी खाल्ला,’ असं त्या म्हणतात. मग जरा थांबून पुढचं म्हणतात : ‘आणि मीही पुढे कितीतरी पोरांना १ जूनच दिला.’

शेकडो पोरांना वाढदिवस वाटणाऱ्या या बाईंचा स्वतःचा वाढदिवस घरात कधी झाला नव्हता. १ जून हा खोटा म्हणून नको, आणि खऱ्या तिथीला घरात नागपंचमीची तयारी असायची. हे कुणाला खटकलंही नव्हतं. मलाही नाही.

* * *

पुण्यात वाढदिवसाचा बाजार बघायचा तर रविवार पेठेत बोहरी आळीत जावं. फुगे, झिरमिळ्या, कागदी टोप्या, चंदेरी पडदे, अक्षरांच्या माळा, सगळं घाऊक. सोनेरी आकड्यांचे फुगे हल्ली फार चालतात. तिथं एक शहाणपणाची गोष्ट कळली : सहाचा फुगा उलटा टांगला की नऊ होतो. एका गृहस्थांनी शेजारच्या दुकानात शून्य मागितलं, तेव्हा दुकानदारानं न विचारताच दुसरा आकडा कोणता हवा याचा अंदाज बांधला. तो केसांवरून बांधला असावा. ते साठीच्या आसपासचे होते. शून्य बायकोच्या वाढदिवसाला हवं होतं आणि घरी नेताना फुगा कुठं लपवायचा, याची त्यांना काळजी होती. ‘हवा न भरता न्या की,’ दुकानदार म्हणाला. इतकी सोपी गोष्ट सुचली नाही म्हणून ते स्वतःवरच हसले.

या बाजाराची दुसरी बाजू चौकाचौकात टांगलेली असते. भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, मध्यरात्रीचे फटाके, तलवारीनं कापलेला केक आणि मग पोलीस ठाण्यात वाढदिवसाची सकाळ. तोंडाला फासायच्या फेसाचे फवारे पेटत्या मेणबत्तीजवळ मारले की भडका उडतो, हेही दरवर्षी कुणीतरी नव्यानं शिकतं. तो प्रकार गावाला दाखवण्यासाठी असतो. मला शोध होता तो घरातल्या घरात, दबक्या आवाजात चालणाऱ्या प्रकाराचा.

त्यासाठी घरून केक करून देणाऱ्या माझ्या एका ओळखीच्या बाईंकडे दोन दुपारी बसले. त्यांच्याइतकी गुपितं आमच्या भागात फक्त फॅमिली डॉक्टरांकडे असतील. एका घरातून नवरा बायकोसाठी केक सांगतो आणि दोन तासांनी मुलगा त्याच बाईसाठी दुसरा सांगतो. दोघांनाही वाटतं, आपल्यालाच सुचलं. अशा वेळी बाई मुलाला म्हणतात, ‘तू त्यापेक्षा मस्तानी आण.’ घरी पोचवायला गेलं आणि दार नेमकं उत्सवमूर्तीनंच उघडलं, तर ‘वरच्या मजल्यावरच्यांचा आहे, चुकून बेल दाबली’ हे वाक्य तयार असतं. हे वाक्य ऐकून एक आजी म्हणाल्या होत्या, ‘वर गच्ची आहे हो. द्या इकडे, फ्रिजमध्ये ठेवते. आणि मी घरात नव्हते असं सांगा.’

केकवर नाव काय लिहायचं, हा प्रश्न बाई प्रत्येकाला विचारतात. तरुण मंडळी पटकन लाडकं नाव सांगतात. ज्येष्ठ नवरे अडकतात. चाळीस वर्षं ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यावर निभावलेलं असतं, आता फोनवर परक्या बाईला बायकोचं नुसतं नाव सांगायचं म्हणजे जीभ रेटत नाही. एका आजोबांनी असंच बरंच आढेवेढे घेऊन एक नाव सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. केक न्यायला आजोबा स्वतः आले, डबा उघडून अक्षरं नीट बघितली आणि म्हणाले, ‘हे तिचं माहेरचं नाव. लग्नात आम्ही बदललं होतं.’

लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं, ही आपल्याकडची रीत. ते लिहिणाऱ्यानंच पन्नास-एक वर्षांनी क्रीमच्या अक्षरांत जुनं नाव परत केलं. केक अर्ध्या किलोचा होता. त्या घरात तो उघडला तेव्हा काय झालं, हे बाईंना माहीत नाही आणि मीही विचारायला गेले नाही.

* * *

भेटीचा रोकडा हिशेब करणारेही आहेत. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यानं विचारलं, तुम्हाला मिळालेल्या वस्तूंची किंमत अंदाजे किती, आणि त्या तुमच्या लेखी किती मोलाच्या? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला. त्याच्या हिशेबानं भेटीच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वाटेतच विरतो. गंमत पुढेच आहे. जोडीदारानं आणि मित्रांनी दिलेल्या भेटींचं मोल सर्वांत कमी घसरलं होतं. आजी-आजोबा, काका, मावश्या यांच्या वस्तूंचं जास्त. आणि बहुधा हे ओळखूनच आजी-आजोबा रोख पैसे देतात, असंही त्याच्या पाहणीत दिसलं.

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानांना हा निबंध वाचावा लागला नाही. बायकोसाठी एकटा आलेला पुरुष दिसला की विक्रेता पहिल्या पाच मिनिटांत त्याला धीर देतो, ‘नाही आवडली तर बदलून देऊ.’ माझ्या वाचक मैत्रिणींना पुढचं सांगायला नको. साडी उघडल्यावर ‘छान आहे’ म्हणायचं, रात्री घडी न मोडता कपाटात ठेवायची, आणि शनिवारी ‘काठ जरा...’ असं म्हणत विषय काढायचा.

पण चुकलेल्या भेटींच्या गोष्टी मी विचारायला लागले, तेव्हा एक लक्षात आलं. न आवडलेल्या रंगाबद्दल बायका हसून बोलत होत्या. एकजण मात्र मिक्सरबद्दल बोलताना हसली नाही. चाळिसाव्या वाढदिवसाला तिला मिक्सर मिळाला होता, चांगला, महागडा. ‘जुना बिघडला होता हे त्याच्या लक्षात आलं. मी जुनी झालेय हे आलं नाही,’ ती म्हणाली. रंग चुकला तरी तो आपल्यासाठी बघितलेला असतो. मिक्सर घराला मिळाला होता.

दुसरीकडे एका मैत्रिणीचा नवरा मर्चंट नेव्हीत आहे. एकदा बोटीवर गेला की पाच-सहा महिने घरी नाही, आणि तिचा वाढदिवस श्रावणात. एका वर्षी त्यानं निघण्याआधी स्वयंपाकघरातल्या डब्यांत चिठ्ठ्या लपवल्या. वाढदिवसाच्या दिवशी फोन करून एकेक डबा उघडायला सांगायचा, असा बेत होता. पण स्वयंपाकघराचं कॅलेंडर त्याला माहीत नव्हतं. साबुदाण्याच्या डब्यातली चिठ्ठी आषाढी एकादशीलाच हाती लागली. त्यावर लिहिलं होतं : ‘आता रव्याचा डबा बघ.’ तिनं बघितला नाही. चिठ्ठी परत साबुदाण्यात पुरली, उपासाला भगर केली, आणि पुढचा महिनाभर घरात शिरा झाला नाही. मुलं विचारायची, शिरा का नाही? ‘रवा संपलाय,’ ती सांगायची. वाढदिवसाला बोटीवरून फोन आला. तिनं डबा उघडला आणि चकित झाली. तो अजूनही समजतो, की आपला बेत बिनचूक पार पडला.

आनंद देण्याचं श्रेय सगळे देणाऱ्याला देतात. महिनाभर शिरा न करणाऱ्या या बाईचं काय करायचं? त्यानं लपवलं, हे प्रेम. तिनं शोधलं नाही, हेही तेवढंच, कदाचित काकणभर जास्त. दोन खोल्यांच्या घरात, जॉइंट खात्यात, एकमेकांच्या फोनवर ओटीपी येत असताना कुणापासून काही लपून राहत नाही. लपवणाऱ्याला लपवू द्यावं लागतं.

* * *

सासूबाईंचा वाढदिवस करायची कल्पना मुलीची. तिनं फोनवर जुनं पंचांग शोधून तिथीची तारीख काढली, ती १९४२ च्या ऑगस्टच्या मध्यावर आली. २०२५ साली नागपंचमी २९ जुलैला होती. आदल्या दिवशी श्रावणातला पहिला सोमवार. म्हणजे आजींचा उपास, तो संध्याकाळी सुटणार. केक अंड्याचा चालणार नाही. कापायचं ते त्याच दिवशी कापून घ्यायला हवं, कारण दुसऱ्या दिवशी नागपंचमीला आमच्याकडे सुरी-विळी बंद. इतक्या अटींचा केक केकवाल्या बाईंनीही पहिल्यांदाच केला.

कॅलिफोर्नियातल्या भाच्याला व्हिडिओवर घ्यायचं ठरलं. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे त्याच्याकडे त्याच दिवशीचे सकाळचे सात, तेव्हा त्याला उठवायची जबाबदारी त्याच्या बायकोवर. सासूबाईंच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याला शोधून काढलं. तोही आता निवृत्त, आणि त्याचाही वाढदिवस १ जूनचा, बाईंनीच दिलेला. त्याला सातला खाली येऊन थांबायला सांगितलं.

आठवडाभर आम्ही पाचजण कुजबुजत होतो. सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं, हा मोठाच आधार होता.

सोमवारी त्या देवळातून आल्या, आराम केला, सहाला चहा घेतला. साडेसात वाजता दिवे गेले आणि आले. मुलीनं त्यांना पाटावर बसवलं. कणकेचे दिवे केले होते, त्र्याऐंशी शक्य नव्हते म्हणून आठ आणि तीन. मी ओवाळलं. विद्यार्थी वाकून पाया पडला, त्यांनी त्याला नावानं हाक मारली आणि पाठोपाठ त्याच्या वडलांचंही नाव सांगितलं. फोनच्या पडद्यावर भाचा डोळे चोळत उभा होता. सासूबाईंनी सगळ्यांकडे बघितलं, पदराला हात लावला आणि म्हणाल्या, ‘अरे! हे काय! मला काहीच कळलं नव्हतं!’

तेव्हा मला दिसलं, की त्या पदराला इस्त्री होती. घरात नेसायची सुती साडी नव्हती, कपाटातली इरकल होती.

ओवाळून झाल्यावर त्यांनी उशाशी ठेवलेली पिशवी मागवली आणि तबकात ओवाळणी घातली. सहा पाकिटं. प्रत्येकावर नाव, शिक्षिकेच्या सरळ, गोल अक्षरात. सहावं त्या विद्यार्थ्याचं होतं, तो येणार हे ज्यांना कुणीही सांगितलं नव्हतं त्यांच्या हातचं. सवयीप्रमाणे प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात त्यांनी तारीखही घातली होती. १९ जुलै. आमची कुजबुज सुरू झाली त्याच्या दोन दिवस आधीची.

मी नवऱ्याकडे बघितलं. पाकिटांतल्या नोटा कोऱ्या करकरीत होत्या, आणि कोऱ्या नोटा आणायला आमच्या घरातून बँकेत जाणारा माणूस एकच आहे. तो केक कापायची सुरी शोधायला आत गेला.

रात्री सासूबाईंची औषधं द्यायला गेले. डब्यातली गोळी हातावर घेत त्यांनी विचारलं, ‘जमलं ना मला?’

‘काय?’ मी म्हणाले.

त्या हसल्या, गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या. मी दिवा मालवला. बाहेर नवरा जिन्यात फुगे फोडत होता, आणि तीन आठवड्यांवर त्याचा वाढदिवस आहे, हे आमच्यापैकी कुणीच त्याला आठवण करून देणार नव्हतं.